कृष्णेकाठाने वर, वेण्णेकाठाने खाली: वाई-महाबळेश्वर खोऱ्याचे तीन दिवस

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून स्वतःची गाडी, हाताशी तीन दिवस, बरोबर सत्तरीच्या आसपासचे आईवडील (आईंचे गुडघे दुखतात) आणि बारा-चौदा वर्षांची दोन मुलं. महाबळेश्वर आधी दोनदा झालंय, त्यामुळे पॉइंटांची यादी नको. नदी, जुनी गावं, घाट, एखादा गड असं कृष्णेचं खोरं पाहायचंय. कधी जावं, सुरुवात कुठून करावी आणि मुक्काम कुठे करावा?

मुक्काम आधी वाईत करा, महाबळेश्वरला नाही. बहुतेक गाड्या सुरूर फाट्याला वळतात, वाईत गणपतीला हात जोडतात, तशाच पसरणी घाट चढतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने उतरतात. त्यात खोरं फक्त वरून दिसतं, तेही दुपारच्या धुरकट उन्हात. नदीच्या काठाने हळूहळू वर चढलं, की तिसऱ्या दिवशी कड्यावर उभं राहिल्यावर खालचं प्रत्येक वळण ओळखीचं वाटतं. परत येताना तोच रस्ता धरू नका. महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्याला उतरा, तिथून साताऱ्याला. हा रस्ता वेण्णेच्या खोऱ्यातून जातो. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला पुन्हा कृष्णेला मिळते आणि कोयना पुढे कराडला. म्हणजे कृष्णेने चढून वेण्णेने उतरलात, तर माहुलीच्या संगमावर तुमची फेरी आपोआप पुरी होते.

आता महिना. या खोऱ्याचे तीन मजले आहेत असं समजा. नदीकाठ, म्हणजे वाई, मेणवली आणि धोम, समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आहे. पांचगणी तेराशेच्या आसपास. महाबळेश्वर त्याहून थोडं उंच, तिथला विल्सन पॉइंट १,४३९ मीटर. उंचीतला फरक डोळ्यांना फार वाटत नाही, पावसात मात्र तो प्रचंड आहे. कोकणातून चढून आलेले ढग माथ्यावरच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पांचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा आणि वाईला हजाराच्याही आत. अंतर जेमतेम बत्तीस किलोमीटर. त्यामुळे जुलैत वर पंधरा फुटांपलीकडचं दिसत नसतं, तेव्हा खाली वाईच्या घाटावर रिमझिम आणि मधूनच ऊन असतं. पावसाळ्यात कोणी वरच्या पॉइंटांसाठी गेलं, तर ते पैसे धुक्यात जातात. त्या दिवसांत खालचाच मजला पाहावा.

तुमच्यासारख्या मंडळींना ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर हा काळ सगळ्यात सोयीचा. धोमचं धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवट असतात आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या तेवढ्या टाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे एक वेगळीच गंमत असते: रात्रभर थंड हवा खोऱ्यात साचते, धरणाच्या पाण्यावर धुकं धरतं आणि पांचगणीच्या कड्यावरून पाहिलं तर खाली ढगांचं सरोवर दिसतं, त्यात कमळगडाचा माथा बेटासारखा वर आलेला. ऊन तापलं की नऊ-साडेनऊपर्यंत ते विरतं. फेब्रुवारीपासून गवत पिवळं पडतं, वणव्यांचा धूर खोऱ्यात तरंगतो आणि लांबचं दिसेनासं होतं. एप्रिल-मेमध्ये खाली वाईत भाजून निघतं आणि वर गर्दीने, शिवाय धरण आटून काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो.

दोन यात्रांच्या तारखा मात्र निघण्यापूर्वी पंचांगात पाहून घ्या. पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते. तिच्या आगेमागे वाई-मांढरदेव रस्ता आणि वाईतली वाहतूक विस्कळीत होते. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे लाकडी गाडा ओढत नेण्याची यात्रा, असते. ते पाहायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्या दिवशी त्या बाजूला गाडी घालू नका. माघ-फाल्गुनात वाईत कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर आळीपाळीने होतो. त्याची मात्र अडचण नाही, उलट तेव्हा घाट जिवंत दिसतात.

पहिला दिवस. पुण्यातून सहाला निघा. खंबाटकी घाटाच्या अलीकडे न्याहारीला थांबलात तरी नऊच्या आत वाई गाठता येते. अंतर नव्वदेक किलोमीटर. शनिवारी सात-साडेसातनंतर निघाल तर खंबाटकीच्या चढावर मालमोटारींच्या मागे तास जाऊ शकतो. सुरूर फाट्यावरून उजवीकडे वळलं की पुढचा रस्ता उसाच्या पट्ट्यातून जातो. गाळपाचा हंगाम, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, चालू असेल तर दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर या आणि भुईंज-पाचवडच्या रस्त्यांवर सतत भेटतात. कित्येकांना मागचे दिवे नसतात आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर वेग चाळीसच्या वर नेऊ नका. घाटातल्या वळणांइतकाच हाही धोका खरा आहे.

वाईत गाडी बाहेरच्या बाजूला लावून चालत फिरा, आतल्या आळ्या गाडीच्या नाहीत. सात घाट आहेत आणि नावं आळ्यांवरून पडलेली: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सगळे पाहायची गरज नाही. गणपती आळीचा घाट आणि तिथून काठाने जमेल तेवढं पुढे, एवढं पुरे. ढोल्या गणपतीचं मंदिर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. लोक गाभाऱ्यातली भव्य मूर्ती पाहून परततात, पण बांधकामातली खरी अक्कल मागच्या बाजूला आहे. मागे वळसा घालून मागची भिंत जरूर पाहा. ती सपाट नाही, माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेली आहे, म्हणजे पुराचं पाणी भिंतीवर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. मुलांना हे समजावून सांगण्यासारखं आहे. नदी नावेला कशी वाट देते, तोच हिशेब इथे उलटा लावला आहे. मोठ्या पुरात मंदिरात पाणी शिरतं, तरी इमारत अडीचशेहून अधिक वर्षं उभी आहे. शेजारचं काशीविश्वेश्वराचं मंदिर १७५७ चं, तेही रास्त्यांचंच. तिथला काळ्या दगडाचा नंदी जवळून पाहा.

वाचनाची आवड असलेल्या आईवडिलांना वाईत आणखी एक ओढ असते. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची कर्मभूमी असलेली प्राज्ञपाठशाळाही इथलीच. आत जाऊन बघण्यासारखं प्रदर्शन वगैरे असेल अशी अपेक्षा ठेवू नका. आळीतून जाताना इमारत दाखवली तरी त्यांना बरं वाटेल.

दहा-साडेदहाला मेणवली. वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट ही या खोऱ्यातली सर्वांत चांगली राखलेली जोडगोळी आहे. वाडा खाजगी मालकीचा आहे, त्यामुळे आतले सगळे भाग नेहमी उघडे असतीलच असं नाही. दारावर विचारा, जे उघडं असेल ते शांतपणे पाहा आणि भित्तिचित्रांवर फ्लॅश मारू नका. घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळापाशी एका छोट्या बांधकामात मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून मराठ्यांनी आणलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र उठावात आहे, नीट पाहिलं तर दिसतं. नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या रुंद आहेत, पण कठडा नाही. आईंनी वरच्या टप्प्यावर पारावर बसावं, तिथूनही घाटाचा पूर्ण अर्धगोल दिसतो. बाकीच्यांनी उतरावं. शेवटच्या दोन-तीन पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाण्याखालची पायरी कुठे संपते ते कळत नाही. वाई काय, मेणवली काय, पाय घसरून पाण्यात जाण्याचे प्रकार याच पायऱ्यांवर होतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. वाईतली कृष्णा आता धोम धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालते. आकाश निरभ्र असतानाही वरून विसर्ग वाढला की घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडू लागतात. पावसाळ्यात भोंगा वाजला किंवा ग्रामस्थांनी हटकलं, तर वाद न घालता वर या. आणि धोमचे कालवे! दिसायला ती शांत, सरळ पाण्याची पट्टी, पण काठ अस्तरीकरण केलेले, उतरते आणि गुळगुळीत असतात. आत पडलेल्याला बाहेर यायला हाताला काही लागत नाही. मुलांना कालव्यात पाय सोडून बसू देऊ नका, या बाबतीत मोकळीक नको.

दुपारी वाईत जेवा आणि दोन तास झोपा. थट्टा नाही, वयस्कर मंडळींबरोबरच्या सहलीत दुपारची झोप हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा असतो. चारला धोम गाठा. वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. महादेवाच्या देवळासमोरचा नंदी दगडी कुंडाच्या मधोमध कासवाच्या पाठीवर बसवला आहे. कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव पोहत निघाल्यासारखं वाटतं, कोरडं असलं की नुसतंच कोरीवकाम दिसतं. आवारातलं नृसिंहाचं देऊळ उंच चौथऱ्यावर आहे आणि पायऱ्या थोड्याच आहेत. आईंना जमतील. नंतर धरणाच्या जलाशयाकडे. साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचं हे धरण कृष्णा आणि वाळकी अशा दोन खोऱ्यांत पसरलं आहे, म्हणून कड्यावरून त्याचा आकार दोन बोटांसारखा दिसतो. भिंतीवर जाण्याची परवानगी नसते, तिथे हुज्जत नको. संध्याकाळी काठावरून कमळगड आणि पांचगणीचा सपाट कडा दिसतो. उद्या कुठे चढायचं आहे ते मुलांना इथूनच दाखवा. नौका चालू असेल तर जीवरक्षक जाकीट अंगात घालून, बंद लावूनच बसा. खांद्यावर टाकलेलं जाकीट काही कामाचं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी दोन वाटांनी जातील. मुलं आणि तुमच्यापैकी एकजण गडावर, बाकीचे वाईत निवांत.

गड निवडताना उंची पाहू नका, सावली पाहा. वैराटगड व्याजवाडीहून तास-दीड तासात होतो, पण वाट सरळ उभी आणि उघडी. दहानंतर ती मुलांचा जीव काढते. पांडवगड वाईच्या डोक्यावरच आहे, मेणवली किंवा धावडीकडून दोन-अडीच तास, तोही बराचसा उघडाच. केंजळगडाच्या कातळात कोरलेल्या पन्नासेक पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत आणि त्याला जोडून रायरेश्वरचं पठारही करता येतं. मात्र तिकडे भोरच्या बाजूने जाणं सोयीचं, वाईतून हा वेगळा दिवस होतो. माझं मत कमळगडाला. नांदगणे गावातून वर जाणारी वाट अर्ध्याहून अधिक दाट झाडीतून आहे. चढायला अडीच-तीन तास, उतरायला दोन. वाटेत गोरखनाथाचं ठिकाण लागतं. माथ्यावर तटबुरूज वगैरे काही नाही, त्यामुळे किल्ला पाहायला आलेले निराश होतात. इथे पाहायची ती गेरूची विहीर, कोणी कावेची विहीर म्हणतात. कातळातल्या अरुंद फटीतून पन्नासेक पायऱ्या खाली उतरत जातात, हवा एकदम गार होते आणि तळाशी भिंती लालभडक गेरूच्या. टॉर्च लागतेच, आणि मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नका, उतरताना एक हात भिंतीला हवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर या पायऱ्यांवर राड असते, तेव्हा वरूनच डोकावून परत या.

साडेसहाला पायथ्याशी असाल तर दीडपर्यंत खाली येता. माणशी तीन लिटर पाणी घ्या, वर भरवशाचं पाणी नाही. रानात वाटा फुटतात, गुरांच्या वाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात. पहिल्यांदा जात असाल तर नांदगण्यातून गावातला माणूस बरोबर घ्या आणि पैसे आधी ठरवा. या डोंगरांत अपघात घडवणारी खरी गोष्ट बिबट्या नाही, आग्या मोहोळ आहे. कड्यांना आणि जुन्या बांधकामांना ही पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, दगडफेक, आणि अलीकडे ड्रोन, यांतल्या कशानेही ती उठतात. उठली तर पळत झाडीत शिरा, तोंड आणि डोकं कापडाने झाका, उघड्यावर हात झटकत उभे राहू नका. पाण्यात उडी मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, माश्या पृष्ठभागावर घिरट्या घालत थांबतात.

कुणालाही गड नको असेल तर त्या सकाळी धोमच्या वरच्या अंगाला, बलकवडी धरणाच्या दिशेने गाडीने जा. खोरं तिथे अरुंद होतं, दोन्ही बाजूंना कडे जवळ येतात, भाताची खाचरं लागतात. त्याच्याही पुढे जोर. कृष्णा जिथून खाली उतरते त्या कड्याच्या पायथ्याचं हे गाव, वर महाबळेश्वरचं पठार. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर मागे घ्यायची तयारी हवी. मोबाइलची रेंज मधेमधे जाते, पेट्रोल वाईतच भरून घ्या. जुलै ते सप्टेंबर बलकवडीच्या पुढे जाऊ नका. २०२१ च्या जुलैत या भागात मोठ्या दरडी कोसळल्या, आणि त्या उतारांचा भरवसा जोराच्या पावसात कधीच धरता येत नाही.

दुपारी तीनच्या सुमारास पसरणी घाट चढा. वाई ते पांचगणी बारा-तेरा किलोमीटरमध्ये साधारण पावणेसहाशे मीटर चढ आहे. चढताना काही प्रश्न नसतो. ब्रेक जातात ते उतरताना, आणि कारण जवळजवळ नेहमी तेच: चालक टॉपच्या गिअरमध्ये उतरतो आणि पाय ब्रेकवरून काढत नाही. सततच्या घर्षणाने ब्रेक तापतात, पॅडची पकड सुटते, ब्रेक-ऑइल जुनं असेल तर उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल तळाला जातं. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये, दुसऱ्या-तिसऱ्यात, उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लो किंवा मॅन्युअल मोड लावा. जळका वास आला तर मोकळ्या जागी वीस मिनिटं थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. तुमच्या फेरीत हा घाट फक्त चढायचा आहे, पण केळघर उतरायचा आहे. नियम तोच.

पांचगणीत दोन-तीनच जागा पुरेत. पारसी पॉइंट रस्त्यालगत आहे, आईंना गाडीतून उतरून पन्नास पावलं. खोरं इथून उत्तरेच्या अंगाला पडतं, म्हणून हिवाळ्यात सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि धरण, कमळगड, मागची रायरेश्वर-केंजळगडाची रांग समोरून उजळलेली दिसते. सिडनी पॉइंटवरून वाई आणि कालचं धोम एका नजरेत येतं. टेबल लँड ही जांभ्याची सपाटी आहे: बेसाल्टच्या डोंगरावर लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने तयार झालेली कठीण टोपी. खालचा डोंगर झिजतो, टोपी टिकते, म्हणून माथा असा टेबलासारखा. तिथे घोडेवाल्यांची आणि धुळीची तयारी ठेवा. सूर्यास्ताला जाण्यापेक्षा सकाळी उजाडताच जा, अर्धं पठार तुमचंच असतं. चारच्या आत पोचलात आणि अंगात ताकद असेल तर महाबळेश्वरकडचा केट्स पॉइंट याच संध्याकाळी उरका. तिथून खोरं पूर्वेकडे पसरतं आणि मावळतीकडचं ऊन पाण्यावर पडतं, सकाळी तेच उन्हाच्या तिरिपीत पांढरं दिसतं. माकडांपासून सावध राहा, हातात कणीस किंवा प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती खेचतातच.

मुलं पॅराग्लायडिंगचा हट्ट धरतील. पांचगणीच्या कड्यांवर ते ऑक्टोबर ते मे चालतं आणि नवख्यांना प्रशिक्षित वैमानिकाबरोबर जोडीनेच उडवतात. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतरची वेळ घ्या. भर दुपारी तापलेल्या उतारांवरून हवेचे झोत वर उठतात, शिकलेल्यांना ते हवे असतात, पण पहिल्यांदा उडणाऱ्याला उलट्या होतात. वैमानिकाचं प्रमाणपत्र, राखीव छत्री आणि दोघांची हेल्मेटं पाहून घ्या. मांडीचे दोन आणि छातीचा एक पट्टा लागला की नाही हे स्वतः हाताने ओढून तपासा. वारा नसेल किंवा जास्त असेल तर उड्डाण रद्द होतं. वाऱ्याबद्दल कुरकुर न करता रद्द करणारा माणूस चांगला. पैसे सगळे आगाऊ देऊ नका, एवढंच.

मुक्काम पांचगणीत किंवा भिलारच्या बाजूला. भिलार हे २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव: घरोघरी, देवळात, शाळेत विषयवार पुस्तकं मांडून ठेवली आहेत आणि कुणीही बसून वाचावं. गुडघेदुखीवाल्यांसाठी याहून चांगली जागा खोऱ्यात नाही. डिसेंबर ते मार्च आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेतं असतात. शेतात शिरण्यापूर्वी विचारा, वाफ्यांवरच्या प्लॅस्टिकवर पाय पडला की रोपं जातात. रात्री पांचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गवे आडवे येतात. एक गवा रस्ता ओलांडून गेला की लगेच गाडी काढू नका, मागून बाकीचे येत असतात. हॉर्न आणि हेडलाइटचा मारा त्यांच्यावर करू नका, दिवे डीमवर ठेवून थांबा.

तिसऱ्या दिवशी सातला निघा. वेण्णा तलावापाशी सुट्टीच्या दिवशी दहानंतर गाड्यांची रांग लागते, त्याआधी तिथून पार व्हायचं. दोन्ही गावांच्या नाक्यांवर नगरपालिकेचा प्रवेशकर भरावा लागतो, पावती जपून ठेवा. सरळ क्षेत्र महाबळेश्वरला जा, गावापासून सहा किलोमीटर. पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारं पाणी पाहून बहुतेक जण फिरतात. तसं करू नका. तिथून पाच-सात मिनिटांच्या पायवाटेवर कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. गर्दी जवळजवळ नसते, गोमुख आणि कुंड आहे, आणि समोर कड्याखाली थेट कृष्णेचं खोरं उघडतं. काल-परवा ज्या पाण्याच्या काठाने आलात ते इथून खाली दिसतं. वाट थोडी खडबडीत आहे, आईंना काठी आणि एक हात दिला की पुरे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात. आर्थर सीटला जायचंच असेल तर तासभर जास्त धरा. तिथली प्रसिद्ध दरी सावित्रीची आहे, तिचं पाणी अरबी समुद्राला जातं. म्हणजे त्या एका कड्यावर उभं राहून एका हाताला कोकणात उतरणारं पाणी आणि दुसऱ्या हाताला जोरच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी पाहता येतं. सकाळी सावित्रीची दरी सावलीत असते, फोटोच्या आशेने जाऊ नका.

अकराच्या आत महाबळेश्वर सोडा. केळघर घाट, मेढा, सातारा: पंचावन्नेक किलोमीटर, दीड ते पावणेदोन तास. पावसाळ्यात या घाटात दरडी आल्याचं ऐकलं तर मुकाट्याने पसरणीने उतरा. साताऱ्यात जेवून संगम माहुली. नदीच्या दोन तीरांवर विश्वेश्वराचं आणि रामेश्वराचं, अशी मोठी देवळं समोरासमोर आहेत. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव, आणि सातारच्या राजघराण्याच्या समाध्याही याच काठावर. समाध्यांचा काही भाग पुराच्या गाळात जातो आणि पाणी ओसरल्यावर उघडा पडतो, त्यामुळे काय दिसेल ते नदीच्या मर्जीवर. देवळांच्या नक्षीपेक्षा आधी संगमाची जागा पाहा. दोन पाण्यांचे रंग, विशेषतः पावसाळा सरतासरता, काही अंतर वेगळे राहतात.

परतीच्या वाटेवर, सातारा आणि आनेवाडी टोल नाका यांच्या मधे, लिंब फाट्याला वळून बारा मोटेची विहीर. शिलालेखानुसार बांधकाम शके १६४१ ते १६४६, म्हणजे सन १७१९ ते १७२४. नुसती विहीर नव्हे, आत छोटा महालच आहे. वर एकाच वेळी बारा मोटा चालवण्याच्या जागा दगडात अजून जशाच्या तशा आहेत. आईंना जिना न उतरता वरूनही मोटेची ठिकाणं आणि पाणी दिसतं. खाली जाणाऱ्यांनी काठावर फोटोसाठी मागे सरकत जाऊ नये, कठडा नाही. इथे पाऊण तास लागतो. साडेचारला निघालात तर खंबाटकीच्या बोगद्यातून उजेडी पार होता.

दिवस दोनच मिळाले तर तिसरा दिवस पूर्ण गाळा, पांचगणीच्या पारसी पॉइंटवरूनच खाली फिरा आणि माहुली-लिंब पुढच्या खेपेला ठेवा. वाई आणि मेणवलीची सकाळ मात्र कापू नका. एक दिवसच असेल तर सकाळी वाई-मेणवली, दुपारी धोम, संध्याकाळी परत. घाट चढायचाच नाही.